शिकवायचं कुणाच्या हातांना?

वसईतल्या उमेळ्याहून परळला जायचं तर नायगावला लोकल पकडायची आणि दादरला उतरायचं. गाडीत शिरायला मिळालं तर तासाभराचा मामला. मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कर्करोगाचं निदान झालं की इथली बरीच माणसं हीच वाट धरतात. १९४१ साली सुरू झालेलं टाटा मेमोरियल रुग्णालय इथल्या घराघरांत नुसतं ‘टाटा’ म्हणून ओळखलं जातं. कुणी केईएमला जातं, कुणी वसईतल्याच रुग्णालयात. ऑपरेशन होतं, बहुतेकदा चांगलंच होतं. पोटावर शौचाची नवी वाट (म्हणजे स्टोमा), तिच्यावर चिकटवलेली पिशवी, हातात फाईल आणि औषधांची थैली घेऊन माणूस खाडी ओलांडून घरी येतो. आणि एखाद्या रात्री दोन वाजता ती पिशवी कडेनं सुटते.

अशा वेळी सिस्टर नसते, ड्रेसिंगची ट्रॉली नसते, रात्रपाळीचा डॉक्टर नसतो. रुग्णालयात जे शिकलं तेवढंच कामाला येतं. प्रश्न इतकाच, की ते शिकलं कोण होतं?

माझं म्हणणं असं आहे. स्टोमा झालेल्या माणसानं सिस्टरसमोर स्वतःच्या हातांनी पिशवी रिकामी करून दाखवली, निदान एकदा जुनी काढून नवी लावून दाखवली, आणि तशी नोंद झाली, तरच त्याला घरी सोडावं. ताप नाही, जखम कोरडी, जेवण चालू, असे निकष डॉक्टर लावतातच. त्याच रांगेत हा निकष बसवावा. आज तो कुठे असलाच तर एखाद्या कर्तव्यदक्ष सिस्टरच्या मर्जीवर आहे. बाकी ठिकाणी डिस्चार्जच्या सकाळी नातेवाइकाला बाजूला घेऊन दहा मिनिटं जे सांगितलं जातं, त्यालाच आरोग्यशिक्षण म्हणायची पद्धत आहे.

स्टोमा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर म्हातारा कर्करोगी येतो. आपल्याकडे एवढंच चित्र नाही. विषमज्वरानं किंवा आतड्याच्या क्षयानं लहान आतड्याला छिद्र पडलेला पंचविशीतला कामगार असतो, अपघातात पोट फाटलेला दुचाकीस्वार असतो, जन्मतः गुदद्वार नसलेलं बाळ असतं. मोठं आतडं पोटावर आणलं तर कोलोस्टॉमी, लहान आतडं आणलं तर इलिओस्टॉमी, आणि मूत्राशय काढून लघवीचा मार्ग वळवला तर युरोस्टॉमी. पहिल्या प्रकारात बाहेर येणारा मळ पुष्कळदा बांधलेला असतो, दुसऱ्यात पातळ आणि त्वचेला जाळणारा, तिसऱ्यात लघवी सतत ठिबकत राहते. शिकवायचं प्रत्येकाला वेगळं. तरीही वॉर्डात तिघांनाही ‘पोटाला पिशवी’ या एकाच नावाखाली एकच पाठ म्हणून दाखवला जातो.

शस्त्रक्रिया पुढे आणि देखभाल मागे, ही या विषयाची जुनीच खोड आहे. फ्रान्समध्ये ड्यूरे नावाच्या शल्यचिकित्सकानं १७९३ मध्ये गुदद्वार नसलेल्या नवजात बाळाच्या पोटावर मार्ग काढला आणि ते मूल जगलं, पंचेचाळिशीपर्यंत पोचलं. १९०८ मध्ये लंडनच्या माइल्सनं गुदाशयाच्या कर्करोगाचं मोठं ऑपरेशन मांडलं, त्यानंतर कायमची कोलोस्टॉमी ही रोजची गोष्ट झाली. पण अंगाला चिकटणारी, वापरून फेकता येणारी पिशवी यायला १९५० चं दशक उजाडलं. डेन्मार्कमधल्या एलिसे सोरेन्सेन या परिचारिकेच्या बहिणीला, थोराला, स्टोमा झाला होता. गळतीच्या भीतीनं ती घराबाहेर पडेना. तिच्यासाठी एलिसेनं १९५४ मध्ये ही कल्पना काढली. म्हणजे ड्यूरेच्या सुरीनंतर दीडशेहून अधिक वर्षं माणसं डबे, रबरी थैल्या आणि चिंध्यांवर दिवस काढत होती.

शिकवणं तर त्याहूनही उशिरा आलं, आणि ते रुग्णानंच आणलं. अमेरिकेतल्या नॉर्मा गिल या बाईंना मोठ्या आतड्याच्या दीर्घ आजारामुळे इलिओस्टॉमी झाली होती. त्यांनी आपणहून इतर रुग्णांना मदत करायला सुरुवात केली. त्यांचे सर्जन रुपर्ट टर्नबुल यांनी १९५८ मध्ये त्यांना क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये चक्क नोकरीवर घेतलं, आणि १९६१ मध्ये तिथे या कामाचं शिक्षण देणारी पहिली शाळा सुरू झाली. बाई परिचारिका नव्हत्या. त्यांच्याकडे भांडवल एकच होतं: हे सगळं त्यांनी स्वतःच्या पोटावर, स्वतःच्या हातांनी केलेलं होतं. आज जगभर ‘एंटेरोस्टोमल थेरपी’ या नावानं जी विशेष परिचर्या ओळखली जाते तिचा उगम हा असा आहे. मुंबईही यात मागे राहिली नाही. ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही रुग्णांची संघटना १९७० च्या दशकातच इथे उभी राहिली, टाटामध्ये स्टोमा क्लिनिक चालतं, परिचारिकांना या विषयाचं शिक्षणही तिथे मिळतं. ज्ञान नायगावपासून तासाभराच्या अंतरावर आहे. परळच्या त्या फाटकाबाहेर मात्र ते फारसं पडत नाही.

आता डिस्चार्जचा दिवस बघा. सकाळी राउंडला डॉक्टर म्हणतात, ‘आज घरी जा.’ तिथून पुढे मुलगा बिलाच्या खिडकीवर, जावई औषधांच्या दुकानात, गाडीवाला खाली उभा. सरकारी आरोग्य योजनेत बसलेला रुग्ण असेल तर अंगठा, सह्या, फोटो. या गडबडीत कुणीतरी सांगतं, पिशवी अर्धी भरायच्या आत रिकामी करा, तीन-चार दिवसांनी बदला, जड उचलू नका, लाल दिसलं तर काळजी नाही, काळं दिसलं तर लगेच या. सांगणाऱ्याचं तोंड सुनेकडे किंवा मुलीकडे. ज्याच्या पोटावर हे सगळं आहे तो माणूस खाटेवर बसून छताकडे बघत असतो. डॉक्टरांनी तोंडी सांगितलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के भाग रुग्ण लगेचच विसरतात, असं या विषयातल्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवलं आहे. इथे तर रुग्णाला काही सांगितलेलंच नसतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे आणि तो प्रामाणिक आहे. वेळ कुठे आहे? एकेका सिस्टरच्या वाट्याला आलेल्या खाटा मोजल्या तर शिकवणीची भाषा करायला जीभ रेटत नाही. खाटा रिकाम्या व्हायला हव्यात, बाहेर पुढचा रुग्ण थांबला आहे. पण नेमक्या याच हिशेबाकडे नीट पाहिलं पाहिजे. ब्रिटनमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बेचाळीस रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला ऑपरेशनच्या आधीच घरी जाऊन पिशवी हाताळायला शिकवलं, दुसऱ्याला नेहमीसारखं ऑपरेशननंतर. आधी शिकलेले साडेपाच दिवसांत तरबेज झाले, बाकीच्यांना नऊ दिवस लागले. आधी शिकलेले घरीही दोन दिवस लवकर गेले. खाट लवकर रिकामी करायची असेल तर शिकवणं लांबवून चालत नाही, ते अलीकडे आणावं लागतं. ज्यांच्या बाबतीत ऑपरेशनची तारीख आधी ठरलेली असते त्यांना तपासण्यांच्या फेऱ्यांमध्येच, ओपीडीच्या बाकड्यावर, हातात एक पिशवी देऊन हे करता येतं. तातडीच्या ऑपरेशनात ही सोय नाही, तिथे वॉर्डातच शिकवावं लागेल, मान्य.

ऑपरेशनआधीच्या भेटीत आणखी एक काम होतं, आणि त्याला आपल्याकडे तरी पर्याय नाही. स्टोमा पोटावर नेमका कुठे काढायचा ती जागा रुग्णाला बसवून, वाकवून, उभं करून शाईनं आखायची असते. परकराची नाडी कुठे बांधता, लुंगी कुठे खोचता, शेतात वाकल्यावर पोटाला घडी कुठे पडते, हे रुग्णानं सांगायचं असतं. लुगडं नेसणाऱ्या बाईच्या ओच्याखाली स्टोमा आला, तर पुढची सगळी शिकवणी फुकट. हा कर्करोगतज्ज्ञाचा प्रश्न वाटत नाही. तो शिंप्याचा वाटतो. पण पिशवी टिकणार की रोज गळणार हे त्यावर ठरतं.

आता मुख्य गोष्टीकडे. शिकवायचं कुणाच्या हातांना?

आपल्याकडे उत्तर ठरलेलं आहे: बायकोच्या. ती नसेल तर सुनेच्या, मुलीच्या. पुरुष रुग्ण असेल तर त्यात कुणाला काही वावगंही वाटत नाही. ‘तुम्ही पडून राहा, मी बघते’ या वाक्यामागे माया खरी असते, हे नाकारायचं कारण नाही. पण जोडीला दुसरंही काहीतरी असतं. मळ कुणी काढायचा, घाण कुणी धुवायची, हे या समाजानं हजारो वर्षं काही ठरावीक जातींवर आणि प्रत्येक घरातल्या बाईवर टाकून ठेवलं. ज्याला स्वतःच्या मळाला हात लावायची सवय नाही, लाज वाटते, किळस येते, तो माणूस पिशवीकडे पाठ फिरवतो, आणि घर त्याला पाठ फिरवू देतं. वॉर्डातली शिकवणीही या व्यवस्थेला जशीच्या तशी मान तुकवते. नातेवाइकाला शिकवणं सोपं असतं, तो उभा असतो, ऐकत असतो, रडत नसतो.

याचे परिणाम महिन्याभरानं दिसतात. बायको माहेरच्या लग्नाला जाऊ शकत नाही. बाई रुग्ण असेल तर तिची दुहेरी कुचंबणा: मुलासमोर पोट उघडं करायचं नाही, सुनेला सांगायचा संकोच, म्हणून भरलेली पिशवी तासन्‌तास तशीच. पुरुष कामावर परत जात नाही, कारण कामाच्या जागी बदलणार कोण? डॉक्टरांनी कामाला परवानगी दिलेली असते. पायात बळही असतं. त्याच्या बोटांना फक्त ते काम येत नसतं.

नातेवाइकांना शिकवू नये असं मी म्हणत नाही. बाळ असेल, पक्षाघात झालेला असेल, हात थरथरणारा म्हातारा असेल, तर दुसरे हात लागणारच. शिवाय नातेवाइकांना पद्धतशीर शिकवण्याचे चांगले प्रयोग या देशात झाले आहेत. बंगळूरच्या नारायणा रुग्णालयातून सुरू झालेला नूरा हेल्थचा उपक्रम पुढे अनेक राज्यांतल्या सरकारी रुग्णालयांत गेला. त्यात नातेवाइकांना वॉर्डातच वर्ग घेऊन सराव दिला जातो. माझा आग्रह क्रमाचा आहे. आधी रुग्ण, मग सोबतचा. आज तो क्रम उलटा आहे.

लाजेचा प्रश्नही वॉर्डातच उघडा करावा लागतो. हात जोडायचे तर चालेल का? देवघरात बसू का? मिस्साला पुढच्या बाकावर बसलं आणि आवाज झाला तर? गणपतीच्या आरतीला, लग्नाच्या पंगतीला? वसईच्या पट्ट्यात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत, आणि प्रत्येकाच्या मनात शुद्धतेचा आपापला प्रश्न आहे. तो सर्जनला कुणी विचारत नाही आणि सर्जनलाही सुचत नाही. जुना स्टोमाधारक माणूस वॉर्डात आणून बसवला, की पाच मिनिटांत हा प्रश्न निघतो, कारण तो स्वतः आरतीला जाऊन आलेला असतो. नॉर्मा गिल यांना पगारावर ठेवण्यामागे टर्नबुल यांना जे कळलं होतं ते हेच असावं. आपल्या ऑस्टॉमी संघटनेतल्या जुन्या रुग्णांना मात्र आपण वॉर्डाच्या दारावर भेटीच्या वेळेपुरतं आत घेतो.

शिकणं हातांनी होतं म्हणजे काय, हे वसईत फोड करून सांगायला नको. बावखलात पोहायला शिकलेलं पोर काठावरच्या भाषणानं शिकलेलं नसतं. पिशवीचंही तसंच. मापपट्टीनं स्टोमा मोजायचा, पिशवीच्या चिकट चकतीत त्याहून दोन-तीन मिलिमीटरच मोठं भोक कापायचं, कारण जास्त मोठं झालं तर उघड्या त्वचेवर मळ लागून ती सोलवटते. स्टोमा पहिल्या सहा-आठ आठवड्यांत आकसत जातो, म्हणून माप पुन्हापुन्हा घ्यायचं. एकदाच माप घेऊन वर्षभर तेच भोक कापणारी माणसं असतात, कारण त्यांना ‘एवढं कापा’ असं सांगितलेलं असतं, ‘मोजून कापा’ असं नाही. त्वचा कोमट पाण्यानं धुवायची, पूर्ण कोरडी करायची, आणि तिथे खोबरेल तेल लावायचं नाही. ही शेवटची सूचना परदेशी पत्रकात ठळकपणे असायचं कारण नाही. आपल्याकडे ती पहिली असायला हवी. अंग सोललं की हात आपोआप खोबरेल तेलाच्या बाटलीकडे जातो, आणि तेलकट कातडीवर कुठलीही चकती टिकत नाही. मे महिन्यातल्या घामात तर ती तेल न लावताही सुटते.

खाण्यापिण्याच्या बाबतीत हे अंतर जास्त जाणवतं. इलिओस्टॉमीच्या रुग्णाला पहिले काही आठवडे चिवट आणि तंतुमय पदार्थ टाळायला सांगतात, कारण ते अरुंद वाटेत अडकून आतडं तुंबू शकतं. पत्रकात मका असतो, मशरूम असतं, सुका मेवा असतो. नारळ एखाद्या कोपऱ्यात. उमेळ्यात नारळ टाळायचा म्हणजे काय, हे ते पत्रक लिहिणाऱ्याला माहीत नसतं. कालवणातलं वाटण, भाजीवरचं खोबरं, सणाचे गोड पदार्थ, सगळ्यात तोच. मग सांगणाऱ्यानं हे सांगायला हवं, की वाटून गाळलेलं नारळाचं दूध थोडं चालेल, चव तेवढी मिळेल, पण वाटीभर किस पोटात जाऊ द्यायचा नाही. पिकलेलं केळं पातळ मळाला घट्ट करतं, म्हणून ताजं राजेळी केळं चांगलं. पण वसईची सुकेळी म्हणजे सुकवलेलं चिवट फळ, ती काही आठवडे बाजूला ठेवलेली बरी, आणि नंतरही चावून चावून. भाताची पेज उत्तम. बोंबील, अंडी, लसूण यांनी वास वाढतो, त्यानं इजा होत नाही. कुणाला घरीच राहायचं असेल त्या दिवशी खुशाल खावेत. ताकानं वास कमी होतो असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे. ‘पथ्य पाळा’ म्हणून मोकळं होणं सोपं. मग माणूस भीतीनं पेजेवरच राहतो आणि दोन महिन्यांत हाडांचा सापळा होतो.

पाण्याचा धडा तर जीवनमरणाचा आहे, आणि तो सर्वांत वाईट शिकवला जातो. इलिओस्टॉमीतून दिवसाला पाचशे ते आठशे मिलिलीटर, फार तर लिटरभर बाहेर पडतं. दीड लिटरच्या वर जायला लागलं की शरीरातलं मीठ आणि पाणी वाहून जातं, चक्कर येते, लघवी कमी होते, मूत्रपिंडं बिघडतात. अशा वेळी घरची माणसं मायेनं तांब्यामागून तांब्या साधं पाणी पाजतात. साधं पाणी आतड्यातून उलट आणखी मीठ ओढून बाहेर नेतं आणि पिशवी अधिकच भरते. हवं असतं मीठ-साखरेचं पाणी: लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, किंवा औषधाच्या दुकानातलं ओआरएस. मधुमेही आणि हृदयरोग्यांनी डॉक्टरांना विचारून. बोस्टनच्या एका रुग्णालयानं २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला अनुभव या बाबतीत डोळे उघडणारा आहे. नव्या इलिओस्टॉमीच्या रुग्णांना त्यांनी वॉर्डातच किती प्यायलो आणि पिशवीतून किती गेलं हे स्वतः मोजून लिहायला लावलं, आणि घरी गेल्यावरही ते चालू ठेवायला सांगितलं. पाणी कमी झाल्यामुळे पुन्हा भरती व्हावं लागलेल्यांचं प्रमाण आधी साडेपंधरा टक्के होतं. नंतर शून्यावर आलं. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. एक मापाचं भांडं आणि एक वही.

आमच्या रुग्णांना हे जमणार नाही, ते शिकलेले नाहीत, असं म्हणणारे भेटतात. त्यांना बंगालमधल्या १९७१ च्या बनगावची आठवण करून द्यावीशी वाटते. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, शिरेतून द्यायचं सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याचे पिंप भरून ठेवले आणि पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. सुमारे तीस टक्क्यांवर असलेलं मरण चार टक्क्यांच्या खाली आलं. महाराष्ट्राला तर दूर जायलाही नको. जामखेडला आरोळे दांपत्यानं १९७० पासून निरक्षर बायकांना गावाच्या आरोग्यसेविका केलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गावातल्या अल्पशिक्षित बायकांना नवजात बाळांचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवलं, आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’नं छापला. ज्या राज्यात हे घडलं तिथे आठवी शिकलेल्या माणसाला स्वतःच्या पोटावरची चकती बदलता येणार नाही, हे मला पटत नाही. त्याला कुणी शिकवलं नाही, एवढंच त्यातलं खरं आहे.

एक कडवट गोष्ट इथेच सांगून टाकतो. अनेक खासगी रुग्णालयांत शिकवायला येतो तो पिशवी विकणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी. तो मन लावून शिकवतो, फोनही उचलतो. पण आपल्या कंपनीची पिशवी कशी वापरायची एवढंच तो सांगणार. स्वस्त पर्याय कोणता, दोन तुकड्यांची पिशवी परवडेल की एका तुकड्याची, हे तो कशाला सांगेल? १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑस्टॉमी संघटनेनं स्टोमाधारकांच्या हक्कांची जी सनद काढली तिच्यात, ऑपरेशनआधी समुपदेशन आणि उपलब्ध साधनांची निःपक्ष माहिती, हे दोन्ही हक्क म्हणून लिहिलेले आहेत. ती सनद वॉर्डाच्या भिंतीवर मराठीत लावायला काही खर्च येत नाही.

पैशाचं थोडक्यात. सरकारी आरोग्य योजनेतून ऑपरेशन फुकट होतं, घरी गेल्यावरची मोफत औषधं आणि तपासण्या मात्र मोजक्या दिवसांपुरत्या. पिशव्या पुढे महिनोन्‌महिने, कुणाला जन्मभर विकत घ्यायच्या. जुलै २०२२ मध्ये या साधनांवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला, ते बरं झालं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत मात्र स्टोमा नाही. पिशवी परवडत नाही म्हणून किराणा दुकानातली प्लॅस्टिकची थैली फडक्यानं बांधणारी माणसं आजही आहेत, आणि त्यांना ‘कमी खर्चात त्वचा कशी जपायची’ हे शिकवायचा धडा कुठल्याच पत्रकात नसतो, कारण पत्रकं कंपन्यांची असतात.

आता खाडीच्या या बाजूचं. घरी सोडताना रुग्णाला एक पत्ता द्यायला हवा, जो परळचा नसेल. वसई-विरार महापालिकेच्या सर डी. एम. पेटिट रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस प्रशिक्षित परिचारिका बसवणं ही फार मोठी मागणी नाही. टाटामध्ये शिकवणी आहे, महापालिकेनं दोन सिस्टर पाठवायच्या. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला निदान तीन गोष्टी माहीत असाव्यात: स्टोमा जांभळा-काळा पडणं, काही तास काहीच बाहेर न येता पोट फुगणं, आणि पिशवीतून दीड लिटरच्या वर जाणं. या तिन्हीत वाट बघायची नाही.

आणि पावसाळा. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा-वसईत पाणी भरलं, पश्चिम रेल्वे खोळंबली, मिठागरातली वस्ती पाण्यात अडकली. नायगावजवळच्या पाणजू बेटावर तर होडीखेरीज जाता येत नसे. अशा ठिकाणी राहणाऱ्याला घरी सोडताना ‘पिशव्या संपल्या की घेऊन जा’ म्हणणं म्हणजे त्याच्या गावाचा नकाशा न बघता बोलणं. जूनच्या आत महिनाभराच्या पिशव्या घरात, कोरड्या डब्यात, उन्हापासून दूर. हा पाठ पुण्याच्या रुग्णाला नाही दिला तर चालेल, उमेळ्याच्या रुग्णाला द्यायलाच हवा. रुग्ण राहतो कुठे, घरात संडास आहे की सार्वजनिक, पाणी किती वाजता येतं, टँकर येतो का, वापरलेली पिशवी टाकणार कुठे, हे विचारल्याशिवाय दिलेलं आरोग्यशिक्षण अर्धंच असतं.

तात्पुरत्या स्टोमाचा एक धोका राहिला. ‘दोन-तीन महिन्यांनी बंद करू’ असं सांगून घरी पाठवलेला माणूस मग केमोथेरपीत, पैशांत, रजेत अडकतो. काहींची वाट वर्ष-वर्ष बंद होत नाही. ‘तात्पुरता आहे ना’ म्हणून त्यांना नीट शिकवलेलंही नसतं. बंद करायच्या ऑपरेशनसाठी कुठल्या महिन्यात, कुठल्या ओपीडीत, कुणाला भेटायचं, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असावं. तोंडी नको.

स्टोमाधारकाला पुन्हा घराबाहेर पडायचं असतं, हे रेल्वेला आपल्या परीनं आधीच समजलेलं दिसतं. प्रवासभाड्याच्या सवलतीच्या यादीत कर्करोग, क्षय, मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्यासोबत स्टोमाधारकांचंही नाव आहे. मार्च २०२० मध्ये बाकी बऱ्याच सवलती बंद झाल्या, रुग्णांच्या अकरा गटांची चालू राहिली, त्यात हाही गट होता. मासिक आणि त्रैमासिक पास निम्म्या किमतीत मिळतो. नायगावहून रोज चर्चगेटला जाणाऱ्या माणसाला पुन्हा कामावर रुजू व्हायचं असेल तर ही छोटी गोष्ट नाही. सवलतीसाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. तो डिस्चार्जच्या दिवशीच, फाईलबरोबर, सहीशिक्क्यासह हातात द्यावा, आणि पहिला पास काढायला रुग्णानं स्वतः खिडकीवर जावं.